शेवंतीची राखण

दुसऱ्या जगात जायचं तर पायात काय घालायचं, हा प्रश्न मला माझ्या पुस्तकमालेच्या पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच आडवा आला. माझी चार पोरं एप्रिलच्या दुपारी सड्यावर निघाली होती. सडा म्हणजे आमच्या रत्नागिरीकडचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. एप्रिलमध्ये त्यावर अनवाणी उभं राहणं म्हणजे तापल्या तव्यावर उभं राहणं. पलीकडे जायचं ते तिथल्या एका आकृतीत उताणं झोपून. बरं, चपला घालून जावं, तर कुणी कधी कोरली ठाऊक नसलेल्या त्या कातळातल्या आकृतीवर चपलांसकट झोपायचं कसं? आमच्याकडची मुलं तसं करणार नाहीत. चपला तिथेच सोडाव्यात, तर पलीकडच्या जगात काटे. शेवटी चपला काढून कमरेला बांधायच्या असं ठरलं, आणि पुढचे सगळे भाग ती पोरं चपला कमरेला बांधून जगं पालथी घालत राहिली. चित्रकारानं पहिल्या मुखपृष्ठावर त्यांना बूट घातले होते. मी ते उतरवायला लावले.

लोकांना वाटतं, अद्भुत गोष्टी लिहिणं म्हणजे मनात येईल ते खरडणं. एका नातेवाइकांनी मला तोंडावर विचारलं होतं, "तुझं बरं आहे गं, काही माहिती काढावी लागत नाही." या धंद्यातली खरी गोम अशी की खऱ्या जगाबद्दल लिहिताना काही चुकलं तर वाचक म्हणतो, असेल बाबा कुठेतरी तसं. काल्पनिक जगात चुकलात की तो पुस्तक मिटतो. त्यातून तेरा-चौदा वर्षांचा वाचक म्हणजे तर पोलीसपाटीलच. मागच्या भागात नदी उजव्या हाताला होती आणि या भागात डाव्या हाताला कशी आली, हे विचारायला तो घरी येतो.

मी पेन्शन खाते ती भूगोलाच्या शिक्षिकेची. पण माझं काम कोणतं असं विचाराल तर 'कातळापलीकडे' या मालिकेचे सहा भाग. कातळावरच्या आकृतीत उताणं झोपून वेगवेगळ्या जगांत जाणाऱ्या मुलांची ही गोष्ट. शाळेला जायच्या आधी लिहायचे, आणि निवृत्तीनंतरही तीच सवय राहिली. पुण्याच्या प्रकाशकाकडे मेधा नावाची संपादिका होती, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा कडक. दर दिवाळीला एक भाग यायचा.

दुसऱ्या जगात जायला दार लागतं, आणि त्या दाराची काहीतरी किंमत असावी लागते. फुकटात जाता येत असेल तर कुठलंही शहाणं पोर घरी राहणार नाही, आणि मग गोष्टही राहणार नाही. कुणी लेखक या किमतीसाठी रक्त सांडतो, कुणी आयुष्यातली वर्षं घेतो. मला तसलं काही नको होतं. मला माझ्या आजोळची राखण आठवली. संगमेश्वरच्या आतल्या अंगाला आमचं आजोळ. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची. शेतात माच बांधलेला असायचा, त्यावर मामा बसायचा आणि डबा बडवत आरोळ्या ठोकायचा. मी लहानपणी त्याच्याबरोबर बसले आहे. ते उचललं आणि माझ्या दाराचा नियम केला. चौघांतली तिघं जाणार आणि एकीनं कातळाशी राखणीला बसायचं. ती तिथून उठली की दार मिटणार आणि गेलेले तिकडेच राहणार. बसणारीचं नाव शेवंती. जाणाऱ्यांत तिचा थोरला भाऊ केशव आणि शेजारची दोन मुलं.

खरं सांगायचं तर शेवंती ही माझी सोय होती. तिकडे काही अडलं, किंवा फार धावाधाव झाली, की मी सरळ सड्यावर यायचे. इथे शेवंती बसलेली असायची. गुरं परतताहेत, सावल्या लांबताहेत, आई घरून हाका मारते आहे आणि हिला उठता येत नाही. वेळ चालला आहे हे वाचकाला न सांगता कळायचं. आणि मलाही जरा बसायला मिळायचं.

वाचकांचे नमुने तर काय सांगावेत! पहिला भाग आल्यावर एका आंबा बागायतदारांचा फोन आला. "तुमच्या पोरांनी माझ्या बागेभोवतीच्या गडग्याचे चिरे पाडलेत." मी म्हटलं, "माझी पोरं कागदावर आहेत हो." "कागदावर कसली? काल सगळी माझ्या सड्यावर उताणी पडलेली होती! एकीला राखणीला बसवलंन होतं, तीच मला म्हणते, आजोबा, हळू बोला, दार मिटेल." बरंच झापून झाल्यावर फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "पुढला भाग कधी? नातवाला हवाय." त्यांचा नातू मुंबईत होता आणि त्याला मराठी वाचता येत नव्हतं, हे मला पुढे कळलं.

हातखंब्याचे एक निवृत्त कारकून तिसऱ्या भागानंतर मुद्दाम भेटायला आले. फार सौम्य माणूस. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि मग खाली मान घालून म्हणाले, "बाई, मुलं दुसऱ्या प्रकरणापासून उपाशी आहेत हो." मी पुस्तक काढून पाहिलं. खरंच, त्या जगात शिरल्यापासून कुणाच्या तोंडात काही गेलं नव्हतं. चौथ्या भागापासून मी मुलांना घरून घावन बांधून द्यायला लागले. मूल दुसऱ्या जगात गेलं तरी ते जेवलं का, याची काळजी कुणालातरी असते, हे मला त्या गृहस्थांनी शिकवलं.

तिसऱ्या भागानंतरच पावसच्या बाजूच्या एका शाळेनं बोलावलं होतं. अशा कार्यक्रमांत प्रश्न ठरलेले असतात. केशव उडायला शिकणार का? पुढचं जग बर्फाचं असणार का? आपण स्वतः तिकडे जाऊन आलात का? सगळ्यांना जाणाऱ्यांचं कौतुक. त्या दिवशी मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. सावळी, काटकुळी, दोन घट्ट वेण्या. म्हणाली, "बाई, शेवंती बसून बसून काय करते?"

मुलं हसली. मी म्हटलं, "वाट बघते."

"पण वाट बघते म्हणजे काय करते? तिला कंटाळा आला तर? तिला कुठे जायचं असलं तर?"

मी मास्तरणीच्या सुरात उत्तर दिलं की कंटाळा आला तरी उठायचं नाही, तिनं उठून चालायचंच नाही, म्हणून तर ती गोष्टीतली सगळ्यात शूर मुलगी आहे. टाळ्या पडल्या. मुलगी "बरं" म्हणून बसली. कार्यक्रमानंतर सही घ्यायला आली तेव्हा कळलं, तिचं नाव दर्शना, पूर्णगडची, वडील मासेमारी करतात. सही तिला स्वतःच्या नावानं नको होती. "समीर लिवा," म्हणाली. "माझा दादा. तो आता बोटीवर लागणार आहे, परदेशी. जाताना देणार त्याला." मी लिहिलं. पुढे ती मधूनमधून फोन करायची. पुस्तकाबद्दल बोलायची, दादा कुठल्या बंदराला आहे ते सांगायची आणि मला नकाशात ते शोधायला लावायची. निवृत्त भूगोलशिक्षिकेला याहून काय हवं?

मालिकेच्या धंद्यात एक दुष्टपणा करावाच लागतो. शेवटच्या आधीचा भाग अधांतरी सोडायचा. माझा पाचवा भाग असा संपतो: बाकीची दोघं परत येतात, केशव येत नाही. शेवंती कातळावर हात ठेवून बसलेली आहे, आणि पुस्तक संपतं. त्या दिवाळीत मला इतके फोन आले की मी कानाला ओढणी बांधून फिरत होते. मनातून खूश होते, खोटं कशाला बोलू? वाचक तडफडला की लेखकाला जेवण गोड लागतं.

पुढच्या नारळी पौर्णिमेनंतरची गोष्ट. होड्या पुन्हा पाण्यात गेल्या होत्या. सकाळी दाराशी एक बाई उभ्या. अंगावर धुवट साडी, हातात पिशवी, पिशवीत नारळ. "मी दर्शनाची आई. पूर्णगडासनं आले. तुमच्यात म्हावरं चालतं का म्हायत नव्हतं, म्हणून नारळ आणलाय." त्यांना बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी पेला हातातच धरून ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, माजी पोर उठत नाय."

मला वाटलं, आजारी आहे. विचारलं, "अंथरुणातून?"

"नाय. किल्ल्यावरनं."

मग त्यांनी सांगितलं. समीर ज्या जहाजावर होता ते वैशाखात आफ्रिकेच्या बाजूला कुठेतरी होतं. एका सकाळी तो आपल्या जागेवर नव्हता. सगळं जहाज धुंडाळलं, जहाज मागे फिरवून समुद्रही बघितला, पण सापडला नाही. मुंबईहून फोन आला तो एवढाच. मेला असं कुणी म्हणेना, जिवंत आहे असं कुणी सांगेना. भावकीतल्या एकदोघांनी दर्भाचा पुतळा करून विधी उरकून घ्या असं सुचवलं, तेव्हा या माउलीनं त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं.

"तवापास्नं ती वर जाऊन बसते. जेवाय येते, निजाय येते. येडी नाय झालेली, घरचं सगळं करते. पण दापोलीला नंबर लागलाय तिचा, शेतकी कॉलेजात. जायाचं म्हटलं की नाय म्हणते. तारीख टळली की वरीस गेलं. आनि पुढच्या वर्सी तरी उठंल कशावरनं?" मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकात हाय ना, उठली तर दार मिटतं? ते मला वाचून दाखवलान तिनं. मग आता तुमीच तिला सांगा."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. डॉक्टरनं दिलेलं औषध बाधलं तर माणूस त्याच डॉक्टरकडे जातो, तशा त्या आल्या होत्या. पण त्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक होती. सहावा भाग लिहून पुण्याला गेलेला होता. त्यात शेवंती ऊन, पाऊस, लोकांची बोलणी सगळं सोसून जागची हलत नाही, आणि शेवटच्या प्रकरणात केशव परत येतो. ती उठली नाही म्हणून येतो. मेधासारखी कडक बाई ते वाचून रडली होती. मुखपृष्ठावर भावाबहिणीची गळाभेट होती. आणि त्या दिवाळीत दर्शना ते वाचणार होती.

दर्शनाची आई परत गेल्यावर मी मेधाला फोन केला. "छपाई थांबव. शेवट बदलायचाय."

ती आधी हसली, मग तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बाई, मला त्या मुलीचं फार वाईट वाटतं. पण बाकीच्या मुलांचं काय? त्यांना केशव हवाय. वर्षभर थांबलीत ती." तिचं काही चुकत नव्हतं. मी म्हटलं, "दिवाळी हुकली तर हुकू दे." ती म्हणाली, "मग नवा शेवट तरी काय आहे?" तो मला ठाऊक नव्हता.

केशवला परत आणलं तर त्या मुलीला मी जन्माची तिथे बसवून ठेवणार. केशव मेला असं लिहिलं तर समीरबद्दल जे त्याच्या आईनं कुणाला बोलू दिलं नाही, ते मी छापून पाठवणार. तिसरी वाट म्हणजे नियमच काढून टाकायचा, दार म्हणे आता आपोआप उघडं राहतं. पण शेवटच्या भागात नियम बदलणं म्हणजे आपण आउट झालो की बॅट उचलून घरी जाण्यासारखं आहे. मुलं ते कधी विसरत नाहीत. शेवट न सापडताच मी पूर्णगडची एसटी पकडली.

किल्ला लहानसाच आहे. चढून गेले तर समुद्राकडच्या तटावर ती बसली होती, मिटलेली छत्री शेजारी. पाऊस नुकताच येऊन गेला होता. मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. "आये गेली होती ना तुमच्याकडं?" म्हणाली आणि सरकून मला जागा दिली.

मी म्हटलं, "दर्शना, ती गोष्ट आहे गं. मी रचलेली."

"बाई, मला ठाऊक आहे. मला वेड नाही लागलं." ती समुद्राकडेच बघत होती. "मी उठले नाही म्हणून दादा येईल, असं मला वाटत नाही. पण मी गेले आणि तो आला नाही, तर मला जन्मभर वाटणार, मी उठले म्हणून नाही आला. ते मला नको आहे. बसले की निदान तेवढं तरी नाही."

इतकी वर्षं मी वर्गात उत्तरं दिली, पुस्तकांत दिली, समारंभांत टाळ्या घेऊन दिली. इथे मी नुसता तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही, पण तिचं लक्षही तिकडे नव्हतं.

"सहाव्यात केशव येतो का? एवढंच सांगा."

"लिहिलं होतं, येतो असं. ते मी परत मागवलं."

"का?"

"कारण ते मला ठाऊक नाही."

तेव्हा मात्र ती चिडली. "मग आलात कशाला?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला पण ठाऊक नाही तर मग मी काय करू?"

तेवढ्यात तिची आई वर आली. मी येणार हे मीच कळवलं होतं. चढानं दम लागला होता. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, आम्हा दोघींकडे बघितलं. आपण सांगायला पाठवलेली बाईच गप्प बसली आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं. पदरानं तोंड पुसून त्या तटावर लेकीच्या शेजारी टेकल्या.

"दर्शे, ऊठ," त्या म्हणाल्या. "तुजा वार झाला."

"कसला वार?"

"राखणीचा. होड्या वर घेतल्या की राखणीला वार लावतात का नाय? सोमवार आपला, मंगळवार काकीच्या घरचा. एकच घर रोज बसतं कुठं? तुजा बापूस तरी कधी रोज बसलाय?"

"आये, हे होड्यांचं नाय."

"राखण ती राखण. होडीची काय नि माणसाची काय." त्यांनी लेकीला कमरेनं हलकेच ढकलून जागेवरून सरकवलं आणि स्वतः तिथे नीट मांडी घातली. "तू बसलीस पुष्कळ. आता मी बसतेय. मी काय कोन लागत नाय त्याची?"

दर्शना अगदी लहान आवाजात म्हणाली, "आनि तू उठलीस तर?"

"मी उठले तर काकी बसंल. ती उठली तर आणिक कोन. गाव हाय ना एवढं. जागा रिकामी नाय राहायची, तू नको काळजी करूस. जा. कापडं भर तुजी."

त्या क्षणी मला मामा आठवला. मामा रोज माचावर बसत नसे. आजोळीही राखण वारानंच असायची, आणि आमचा वार गुरुवार होता. सुट्टीत गेले की मी गुरुवारची वाट बघायचे, कारण त्याच दिवशी मला माचावर चढायला मिळायचं. नियम उचलताना मी माच घेतला, डबा घेतला, आरोळ्या घेतल्या. वार तेवढा राहिला, आणि शेवंती सहा भाग एकटी बसली.

आणखी एक गोष्ट मला तिथे बसल्या बसल्या कळली. मुलाबद्दलचा तो फोन आल्यापासून ही आई त्याच्यासाठी एकदाही बसली नव्हती. लेकीला उठवण्यात तिचे दिवस चालले होते. आता ती बसली, आणि समुद्राकडे बघता बघता तिचा चेहरा जो बदलला, तो मला लिहिता येणार नाही. दर्शनानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. दोघी रडल्या, मीही रडले. मग मुलगी उठली. बसून बसून तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तट धरून ती थोडी थांबली आणि खाली गेली. तारखेच्या आत वडील तिला दापोलीला सोडून आले.

शेवटची प्रकरणं मी पुन्हा लिहिली. शेवंतीची आई सड्यावर येते, तिला उठवते आणि तिच्या जागी बसते. नियम मोडला नाही, कारण जागा रिकामी राहत नाही. शेवंती सकाळच्या एसटीनं शाळेला जाते. केशव येत नाही. तो येणार नाही असंही कुठे लिहिलेलं नाही. मेधानं ते वाचून एक ओळ पाठवली: मुखपृष्ठ बदलतेय.

दिवाळी हुकली नाही, पण ती दिवाळी मला जड गेली. मुलं संतापली. "केशवचं काय झालं ते सांगा" म्हणून रडत फोन करणारी मुलं होती, त्यांच्यामागून फोन घेऊन मला खडसावणारे आईबाप होते. एका शाळेनं सगळ्या वर्गाच्या सह्यांचं निषेधपत्र पाठवलं. बागायतदारांनी फोनवर विचारलं, "तुम्हाला ठाऊक नाही तर ठाऊक असणार कुणाला?" नव्या मालिकेबद्दल प्रकाशकांनी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. आजही कुणी मोठा झालेला वाचक भेटला की पहिला प्रश्न तोच, आणि त्याच्या आवाजातली जुनी नाराजी मला ऐकू येते. त्या मुलांच्या तोंडचा घास मी काढून घेतला हे खरं आहे. मला त्याचं वाईट वाटतं. पुन्हा लिहायची वेळ आली तरी मी तेच लिहीन, आणि पुन्हा वाईट वाटेल. दर्शनानं सहावा भाग वाचला की नाही हे मी तिला विचारलेलं नाही. फोन करते तेव्हा ती कलमांबद्दल बोलते.

मी अधूनमधून पूर्णगडला जाते. समीरची काही खबर नाही. तटावर कुणी ना कुणी असतं. बहुतेकदा त्याची आई, दुपारची कामं उरकून आलेली, कधी जाळ्याचा तुकडा विणत, कधी नुसतीच. मंगळवारी काकी. गावातल्या आणखी एकदोन घरांनी वार घेतले आहेत, कुणी सांगितल्याशिवाय. आई मात्र गाव सोडून कुठेच जात नव्हती. लेकीचं कॉलेज तिनं बघितलेलं नव्हतं. मुलगी सुट्टीत घरी यायची, तेवढीच भेट.

या पावसाळ्यानंतर मी गेले तेव्हा त्या तटावर नेहमीची साडी नेसून नव्हत्या. चांगली साडी, केसांत अबोली, मांडीवर पिशवी. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं आलात. आज राहताव का जरा? पोरीनं बोलावलान. तिनं लावलेली कलमं दाखवायची म्हणते. दापोलीची गाडी गावंल अजून. काकीचा पाय मुरगळलाय, म्हणून अडकले होते."

मी म्हटलं, "जा तुम्ही. मी बसते."

"तुमाला जमंल?"

"काय करायचं असतं?"

"काय नाय. बघायचं." त्या उठल्या, पदर नीट केला. माझ्याकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. पिशवीतून छत्री काढून माझ्या हातात दिली. "ऊन लागंल," म्हणाल्या आणि पायवाटेनं घाईघाईनं उतरल्या. थोड्या वेळानं खालून एसटी निघाल्याचा आवाज आला.

इतकी वर्षं मी शेवंतीला बसवलं, पण स्वतः अशी कधी बसले नव्हते. पहिली काही मिनिटं मला वाक्यं सुचत होती. मग ती बंद झाली. पाणी लांबपर्यंत नुसतं चकाकत होतं. खाली खडकांतून कुणीतरी गळ घेऊन चाललं होतं. त्या माणसानं वर बघितलं, डोळ्यांवर हात धरला आणि ओरडून विचारलं, "आज कोन हाय?"

"मी आहे," मी म्हटलं. "रत्नागिरीची बाई."

"बरं," तो म्हणाला आणि पुढे गेला. मी छत्री उघडली आणि समुद्राकडे तोंड करून नीट बसले.